पस्तीस दिवस तिकडे, बाकीचे इकडे

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले, ते दारूसाठी नव्हते. आपल्याकडे मुक्तांगण म्हटले की दारूच डोळ्यांसमोर येते, म्हणून हे आधीच सांगून टाकलेले बरे. संस्थेच्या जन्माला कारण झाले गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आणि ते ओढणारी पोरे बरीचशी कॉलेजात जाणारी, चांगल्या घरातली होती.

स्मरणिकेत आपल्याच संस्थेचा इतिहास छापायचा असा रिवाज आहे. मग कट्ट्याच्या स्मरणिकेत येरवड्याच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या वाड्यावाड्यांत आहे. पेंडूर, वराड, गोळवण, चौके, सुकळवाड, कुठेही जा. घरातला एखादा कर्ता माणूस दारूत बुडाला की आधी भावकी बसते, मग देवाला गाऱ्हाणे घालून होते, पंढरीची माळ घालून होते, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊन होते, आणि सगळे करून झाल्यावर कोणीतरी म्हणते, "तेका आता मुक्तांगणात धाडा." रात्रीच्या गाडीने घाट चढून ज्या दाराशी आपण माणसे नेऊन सोडतो, ते घर कोणी बांधले, कसे चालते आणि तिथे नेमके काय करतात, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. शिवाय एक नाते आहेच. हे घर उभे राहण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या सुनीताबाई देशपांडे, आणि त्यांच्या लिखाणात ज्या धामापूरविषयी इतका जिव्हाळा आहे ते धामापूर आपल्याच तालुक्यातले, कट्ट्यापासून जवळचे.

गर्द पुण्यात आले कसे, त्याची गोष्ट पुण्यापासून फार लांब सुरू होते. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. त्या भागातल्या अफूच्या जुन्या वाटा बंद झाल्या, नव्या उघडल्या, आणि पाकिस्तानातून येणारे अशुद्ध हेरॉइन ऐंशीच्या दशकात मुंबईच्या गल्ल्यांत पुड्यांमधून विकले जाऊ लागले. चांदीच्या कागदावर भुकटी ठेवायची, खालून काडी लावायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. सुई नाही, वास नाही, घरच्यांना पत्ता नाही. दोनचार आठवड्यांत शरीर त्याचे गुलाम होते आणि पुडी मिळाली नाही की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब लागतात, झोप उडते. मग पोरगा घरातली भांडी विकतो.

सरकारने १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. तो पोलिसांच्या कामाचा होता. पण ज्याचा मुलगा न्हाणीघरात दार लावून धूर ओढत होता त्या बापाने जायचे कुठे? त्याच्यासाठी तेव्हा काहीच नव्हते.

डॉ. अनिल अवचट मूळचे ओतूरचे. डॉक्टरकीची पदवी घेऊन त्यांनी दवाखाना थाटला नाही, लिहायला लागले. हमाल, विडी कामगार, हळदीच्या कारखान्यातल्या बायका, ज्यांच्याबद्दल कोणी लिहीत नव्हते त्यांच्यात जाऊन बसायचे आणि जे दिसेल ते साध्या भाषेत मांडायचे, ही त्यांची रीत. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजेच डॉ. अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्द ओढणारी मुले त्यांच्याकडे येऊ लागली. अवचट त्या मुलांशी बोलत बसले, त्यांच्या आईबापांशी बोलले, आणि त्यातून त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. पुढे तिचे 'गर्द' हे पुस्तक झाले.

ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. हळहळून थांबणाऱ्यांतली ही जोडी नव्हती. यावर काही करता येईल का, असे त्यांनी अवचट पतिपत्नींना विचारले आणि १ लाख रुपये देऊ केले. १९८६ सालचे १ लाख! सरकारकडून मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली आणि केंद्र सुरू झाले. सुनंदाताई चालवणाऱ्या, अवचट सगळ्याला हात लावणारे. तिथे दाखल झालेल्यांसाठी त्या 'मॅडम' झाल्या आणि अवचट 'बाबा'.

संस्थेच्या इतिहासात इमारती, देणगीदार, उद्घाटने यांची यादी फार असते. मला त्यात फारसा रस नाही. मुक्तांगणाचा खरा इतिहास त्यांनी सुरुवातीलाच घेतलेल्या दोनतीन निर्णयांत आहे.

पहिला निर्णय असा की व्यसनी माणसावर हात टाकायचा नाही. त्याला साखळी नाही, कोंडणे नाही, अपमान नाही. आज हे वाचताना साधे वाटेल. पण दारुड्याला सुधारायचे म्हणजे खांबाला बांधून चोपायचे, ही समजूत आपल्या गावांतूनही अजून गेलेली नाही. व्यसन हा आजार आहे आणि आलेला माणूस रुग्ण आहे, एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. तिथे त्याला रुग्णमित्र म्हणतात आणि तसेच वागवतात.

दुसरा निर्णय त्याहून धाडसाचा. जे बरे झाले त्यांनाच कामावर घ्यायचे. कालपर्यंत गर्दच्या पुडीसाठी घर फुंकलेला माणूस आज नव्याने आलेल्याच्या खाटेशी बसून त्याला पाणी पाजतो आहे, असे दृश्य त्यातून उभे राहिले. पिणारा माणूस थापा मारण्यात पटाईत असतो. डॉक्टरला फसवतो, बायकोला फसवतो, देवालाही फसवतो. पण ज्याने स्वतः त्याच थापा दहा वर्षे मारल्या, त्याला फसवता येत नाही. आणि हा आपल्याला पाण्यात पाहत नाही, हेही त्याला कळते. समुपदेशनाचे अर्धे काम तिथेच होते.

तिसरी गोष्ट घरच्यांची. बायका, आया, बाप यांना मुक्तांगणाने पहिल्यापासून उपचारात ओढले. पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट सुरू झाला. नवऱ्याची दारू सुटण्याआधी बायकोची भीती सुटली पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण. मला स्वतःला मुक्तांगणाच्या सगळ्या कामात हे काम सर्वात मोलाचे वाटते.

उपचार ३५ दिवसांचा असतो. त्यातला पहिला टप्पा शरीराचा, आणि त्याविषयी आपल्याकडे इतके गैरसमज आहेत की इथे थोडे थांबायला हवे.

सकाळी सहाच्या सुमारास बाजारातल्या एखाद्या हॉटेलात बसून पाहा. एखादा माणूस चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो. एका हाताने धरला तर चहा बशीत सांडतो, म्हणून तो तोंडच ग्लासाकडे नेतो. लोक म्हणतात, सवय आहे. ती सवय राहिलेली नसते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारू गृहीत धरलेली असते. ती बंद झाली की सहाआठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप लागत नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो, माणूस उठून पळायला लागतो.

आता हा प्रसंग आपल्या वाडीत घडला तर काय होते? "बाधा झाली" म्हणतात, देवस्की बघायला घाड्याकडे नेतात. खरे म्हणजे ती वैद्यकीय आणीबाणी असते, वेळीच इलाज झाला नाही तर माणूस दगावू शकतो. त्याला शांत करणारी औषधे, शिरेतून बी-१ जीवनसत्त्व, पाणी आणि डॉक्टरची नजर लागते. म्हणून रोज सकाळपासून पिणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडू नये. आधी रुग्णालय गाठावे. शपथ घालून दारू सोडवणाऱ्यांना ही एक गोष्ट कळली तरी काही जीव वाचतील.

शरीरातले विष उतरायला आठवडाभर लागतो. त्यानंतर माणूस नीट जेवतो, झोपतो, चेहऱ्यावर रंग येतो आणि घरच्यांना वाटते, झाला बरा, आता घरी आणूया. इथेच बहुतेकांची फसगत होते. उतरली ती दारू, व्यसन अजून जागच्या जागी असते. उरलेले चार आठवडे त्याच्यासाठी असतात.

त्या चार आठवड्यांत काय होते? बाहेरून बघणाऱ्याला विशेष काही दिसणार नाही. पहाटे उठणे, व्यायाम, योगासने, प्रार्थना, केर काढणे, स्वयंपाकघरात हातभार, गटात बसून बोलणे, समुपदेशकाशी एकट्याने बोलणे, गाणी, खेळ. अवचट स्वतः लाकडातून शिल्पे कोरायचे, बासरी वाजवायचे, कागदाच्या घड्या घालून पक्षी-प्राणी करायचे, आणि हे सगळे त्यांनी तिथे आणले. ज्या हातांना कित्येक वर्षे बाटलीशिवाय काही धरायचे माहीत नव्हते, ते हात कागदाची घडी बरोबर बसवण्यासाठी धडपडतात. यात करमणूक किती आणि उपचार किती, हे वेगळे काढता येत नाही.

समुपदेशन म्हणजे उपदेश, अशी आपल्याकडची समजूत. उपदेश तर पिणाऱ्याने पोटभर ऐकलेला असतो. बायकोचा, सासऱ्याचा, सरपंचाचा, कीर्तनकाराचा. "दारू वाईट" हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. समुपदेशक बोलतो कमी आणि विचारतो जास्त. पहिला घोट कधी घेतला? कोणाबरोबर? मागच्या वेळी तीन महिने सोडली होती, ती कशी जमली? आणि मग कोणत्या दिवशी, कोणत्या वळणावर परत घेतली? माणूस आधी उडवून लावतो. "मनात इला तर फाल्यांच सोडतलंय," हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य. समुपदेशक वाद घालत नाही. मग याआधी मनात का आले नाही, एवढेच विचारतो आणि थांबतो. हळूहळू माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःची गोष्ट सांगू लागतो. ती पहिल्यांदा खरी सांगितली जाते, त्या दिवशी उपचार सुरू झाला असे समजायचे.

बदल टप्प्याटप्प्याने होतो, असे प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात मांडले. आधी माणूस मानतच नाही, मग विचार करतो, तयारी करतो, सोडतो, टिकवतो, आणि पुष्कळदा घसरतो व पुन्हा चढतो. न मानणाऱ्याला सोडण्याच्या युक्त्या शिकवून उपयोग नाही. सोडायला निघालेल्याला दारूचे तोटे ऐकवूनही उपयोग नाही. कोण कुठे उभा आहे हे ओळखून बोलणे, यात समुपदेशकाचे कसब. घसरण कशाने होते हेही पुष्कळदा ठरलेले असते. भूक, राग, एकटेपणा, थकवा. संध्याकाळी साडेसहाला उपाशीपोटी, घरात भांडून बाहेर पडलेला माणूस कोणत्या रस्त्याने चालत जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

"फक्त आजचा दिवस" हे सूत्र मुक्तांगणात ऐकायला मिळते. ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसकडून आले. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, यांच्या भेटीतून सुरू झाली. जन्मभर पिणार नाही अशी शपथ पेलवत नाही. आज पिणार नाही, हे पेलवते. आपल्या भागात या चळवळीचे वळण गोव्यातून आणि मुंबईतून आले. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. तेही स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले, बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, आणि त्यांनी उपचारात योगासने आणली. म्हणजे मुक्तांगण एकटे नव्हते. पण मराठी घरातल्या माणसाला मराठीत, आपल्याच घरात बसल्यासारखे बोलता येईल अशी जागा त्याने दिली.

सुनंदाताईंना कर्करोग झाला. आजारातही त्या काम करत राहिल्या आणि १० फेब्रुवारी १९९७ रोजी गेल्या. एका माणसावर उभ्या असलेल्या संस्था तो माणूस गेला की बसतात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. मुक्तांगण बसले नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर, स्वतः मानसशास्त्रज्ञ, यांनी कामाची सूत्रे घेतली. पुढे संस्था येरवड्यातच स्वतःच्या वास्तूत गेली. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला, कारण पिणाऱ्या बाईला घर आणि समाज दोघेही दुप्पट शिक्षा करतात आणि ती उपचाराला पोचतच नाही. केंद्र सरकारने पश्चिम विभागातल्या कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम मुक्तांगणाकडे दिले. गर्दच्या मुलांसाठी निघालेल्या या घरात पुढे दारूचे रुग्ण बहुसंख्य झाले. आता तर मोबाइल आणि ऑनलाइन जुगारात अडकलेली पोरेही तिथे येतात. सुनंदाताईंच्या स्मरणार्थ परिस्थितीशी झगडून उभ्या राहिलेल्या माणसांना 'संघर्ष सन्मान' दिला जातो. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. 'मुक्तांगणची गोष्ट' हे त्यांचे पुस्तक कट्ट्याच्या वाचनालयात नसेल तर आणून ठेवावे.

येरवड्यातून माणूस ३६व्या दिवशी घरी येतो. या लेखाचा खरा विषय तिथून सुरू होतो.

तो ज्या गावात परत येतो ते गाव बदललेले नसते. मार्चमध्ये काजूचा हुराक निघतो आणि "औषधी आसा, थोडो घेवक हरकत नाय" असे वडीलधारे सांगतात. गोव्याची हद्द जवळ. तिथली स्वस्त दारू बांद्याच्या बाजूने चोरून येते, इन्सुलीच्या नाक्यावर पकडली जाते, आणि जी पकडली जात नाही ती वाडीत पोचते. राखण द्यायची तर कोंबड्याबरोबर बाटली लागते, आणि देवचाराला दाखवून झालेली बाटली माणसेच संपवतात. गणपतीला मुंबईकर येतो तो बॅगेतून एक घेऊनच येतो. होळी, जत्रा, मांड, लग्नाची हळद, क्रिकेटचे सामने, निवडणूक. पुण्याहून परतलेल्या माणसाला या प्रत्येक ठिकाणी "एकच घे" म्हणणारा भेटतो, आणि तो त्याचा शत्रू नसतो, चुलतभाऊ असतो. मी देवाधर्माच्या आड येत नाही. पण राखणदाराला दारूच्या जागी नारळ चालत नाही असे कोणत्याही राखणदाराने स्वतः सांगितलेले नाही.

घरातही काही नीट समजून घ्यायला हवे. पहिले, चोरून द्यायची गोळी. डायसल्फिरम नावाचे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळे सांगून, त्याच्या संमतीने दिले तर ते उपयोगी पडते. आमटीत घालून न सांगता दिले तर जिवावर बेतू शकते. दारू सोडवण्याची पावडर विकणाऱ्यांच्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर असतात. त्या पुड्यांत काय असते, हे विकणाराही सांगत नाही. दुसरे, सांभाळून घेणे. नवरा कामावर गेला नाही की बायको साहेबाला फोन करते, "ताप इलो हा." त्याची उधारी भाऊ फेडतो. रात्री तो गटारात पडला की पोरे उचलून आणतात, धुतात, निजवतात आणि सकाळी कोणी काही बोलत नाही. हे सगळे मायेपोटी होते. पण त्यामुळे दारूची किंमत पिणाऱ्याला कधी मोजावीच लागत नाही, घरचे मोजत राहतात. सहचरी गटात बायकांना शिकवतात ते हेच, की माया ठेवा, पण त्याच्या खोटेपणाचे ओझे उचलू नका.

घसरलेल्या माणसाला आपण फार लवकर मोडीत काढतो. "मुक्तांगणात जावन इलो, तरी पिताच," असे म्हटले की विषय संपला. मधुमेहाच्या माणसाची साखर परत वाढली तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. मग इथे वेगळा न्याय का? सहा महिने न पिता काढलेला माणूस एकदा घसरला तर ते सहा महिने फुकट जात नाहीत. कसे काढले हे त्याला माहीत असते. त्याला त्याच आठवड्यात कोणीतरी गाठून बोलते केले पाहिजे. मुक्तांगण याला पाठपुरावा म्हणते आणि बाहेरगावी त्यासाठी बैठका भरवते. उपचाराचे यश बहुतांशी यावरच ठरते, असे माझे मत आहे.

मात्र उपचाराच्या नावाने निघालेल्या प्रत्येक पाटीवर विश्वास टाकू नये. माणसाला रात्री गाडीत कोंबून नेणारी, मारहाण करणारी, घरच्यांना महिनाभर भेटू न देणारी 'केंद्रे' देशात ठिकठिकाणी आहेत आणि तिथे माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. माणूस दाखल करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागावा आणि डॉक्टर कोण, ते विचारावे. लाजू नये.

सगळ्यांनाच येरवड्याला जावे लागते असेही नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेले सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे, असे त्यात दिसले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो. इतक्यांना पुरतील एवढ्या खाटा कुठून आणणार?

याचे एक उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. दारू धोक्याच्या पातळीवर गेलेले, पण अजून पूर्ण आहारी न गेलेले पुरुष निवडले. त्यांच्याशी बोलायला डॉक्टर ठेवले नाहीत, गावातलीच, मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसे नीट शिकवून तयार केली. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा अशा बैठका मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचाच उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. चार बैठका, आणि समोर नीट ऐकणारा माणूस! मालवणी मुलखाला लागून असलेल्या गोव्यात जे जमले, ते कट्ट्यात न जमायला कारण दिसत नाही.

कट्ट्यात शाळा आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, बॅ. नाथ पै सेवांगण आहे. जागेची अडचण नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, एक बंद दाराची खोली आणि बाहेर काही न सांगणारी माणसे लागतात. पुण्याहून उपचार घेऊन आलेले लोक आपल्या पंचक्रोशीत आहेत. त्यांतले काही वर्षानुवर्षे न पिता आहेत आणि गप्प आहेत, कारण कोणी विचारले नाही. त्यांना विचारा. सुरुवात त्यांच्यापासून होते, हे येरवड्याने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. त्यांच्या बायकांनाही बोलवा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत. आणि शिक्षक, आशा सेविका, निवृत्त नोकरदार, ज्यांना ऐकता येते अशा चारपाच जणांनी शिकायला पुढे यावे. मशेरी लावणाऱ्या आजीपासून गांजाच्या नादी लागलेल्या कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांनाच पुढे ही खोली लागणार आहे.

तोपर्यंत ज्या घरात आज रात्री गरज आहे त्यांच्यासाठी: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत. पिणारा बोलायला तयार नसेल, तर घरच्यांनी आधी स्वतः करावा.